स्पर्धा जाते, मैदान राहते

यंदा आपल्या शाळेने थाटामाटाने एक आंतरशालेय क्रीडास्पर्धा भरवावी, अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आली आहे. मंडप, पाहुणे, चषक, सारे काही मोठे. सूचनेमागील उत्साहाचे आम्ही स्वागतच करतो. मात्र निर्णयापूर्वी एका बंद पडलेल्या टेनिस स्पर्धेची हकीकत सर्वांनी ध्यानी घ्यावी, असे आम्हांस वाटते.

१९९६ साली दिल्लीत पुरुषांची एक आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस स्पर्धा सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तेथेच रमली. २००८ साली तेथे अंतिम सामन्यात खुद्द रफाएल नदाल ६-०, ६-१ असा हरला. स्टॅन वावरिंकाने ती चार वेळा जिंकली. २०१८ पासून ती 'महाराष्ट्र ओपन' या नावाने पुण्यात बालेवाडीला होऊ लागली. कोरोनामुळे २०२१ साली खंड पडला, आणि २०२३ ची स्पर्धा शेवटची ठरली. २०२४ पासून जागतिक वेळापत्रकातील तिची जागा हाँगकाँगला मिळाली.

सत्तावीस वेळा झालेल्या या स्पर्धेत पेस-भूपती जोडीने दुहेरीत पाचदा बाजी मारली. एकेरीचे विजेतेपद मात्र एकाही भारतीयाला मिळाले नाही. २००९ साली सोमदेव देववर्मन अंतिम फेरीपर्यंत पोचला, तेवढेच.

स्पर्धा व्यर्थ होती, असे आम्ही म्हणत नाही. मोठे खेळाडू जवळून पाहण्याचे भाग्य आपल्या मुलांना तिच्यामुळेच लाभले. परंतु उत्सव आज या गावी, उद्या त्या गावी. चार दिवसांच्या उत्सवातून खेळाडू घडत नाही. तो घडतो रोजच्या सरावातून.

आपल्या मैदानाची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात तळे साचते, व्हॉलीबॉलची जाळी फाटली आहे, आणि क्रीडाशिक्षक एकच. म्हणून आमची विनंती अशी की, यंदाचा निधी आधी मैदान सपाट करणे, साहित्य आणि एक प्रशिक्षक यांवर खर्च व्हावा. वर्गावर्गांचे सामने वर्षभर चालावेत. दोन-तीन वर्षांनी मोठी स्पर्धा अवश्य भरवू. तेव्हा आपली मुले टाळ्या वाजवायला नव्हे, खेळायला उतरलेली असतील.

पालकांनी आपले मत लेखी कळवावे. आणि विद्यार्थीमित्रांनो, तुम्ही मात्र निर्णयाची वाट पाहू नका. संध्याकाळी मैदानावर या.