थंडी जमिनीतून येते

लोहगड पहाटे चढायचा म्हणून शनिवारी रात्री मुक्कामाला येणारी मुलं मळवलीला लोकलमधून उतरतात, एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून चालत भाजे गावात येतात आणि पाठीवरची पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारतात, "मावशी, जाड ब्लँकेट आहेत ना?" आहेत. पण अंगाखाली काय घालणार, हे एकानेही विचारल्याचं मला आठवत नाही. मावळात रात्र नीट जाणार की कुडकुडत, हे त्यावरच ठरतं.

आमची थंडी हिमालयातली नव्हे. पुण्याची आजवरची सर्वांत गार नोंद १.७ अंशांची, तीही १९३५ च्या जानेवारीतली. पण डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की इथली जमीन सूर्य मावळताच निवायला लागते. गार हवा जड असते. ती विसापूर-लोहगडाच्या उतारांवरून खाली येते आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात साचते. पवनेच्या काठाला त्यात ओल मिसळते. सर्वांत कडक गारठा मध्यरात्रीला नसतो, तो दिवस उगवायच्या जरा आधी असतो. नेमकी तेव्हाच पाहुण्यांची झोप मोडते. वर कितीही जाड पांघरूण असलं तरी पाठ आणि कंबर गार पडलेली असते.

कारण सरळ आहे. ऊब धरून ठेवते ती कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा. वरचं पांघरूण सैल पडलेलं असतं, त्यात हवा राहते. खालची पातळ गादी मात्र अंगाच्या वजनाने चेपते, हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. त्याखाली फरशी किंवा दगड. आमच्या डोंगरांचा काळा बेसॉल्ट हवेच्या पन्नासपटींहून जास्त वेगाने उष्णता ओढतो. लोखंडी खाटेवर झोपणाऱ्यांनी आपण जमिनीपासून सुटलो असं समजू नये. खाटेखालून वारा खेळतो. वैशाखात तो सुखाचा, पौषात नाही.

म्हणून मी अंथरूण खालून वर बांधते. जमिनीवर आधी चटई. शेतावर राखणीला झोपायचं असेल तर तिच्याही खाली भाताचा पेंढा. आमच्या वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी तांदूळ आला, त्याचं कौतुक सगळीकडे होतं. पण त्या भाताच्या पेंढ्याचं कौतुक करायला मला आवडतं. काडी पोकळ असते, तिच्यात हवा असते आणि वीतभर जाड थर अंगाखाली सहसा सपाट होत नाही. चटईवर दुहेरी घडीची वाकळ, तिच्यावर धुतलेली सुती चादर. मग माणूस. त्याच्या अंगावर आधी मऊ सुती काहीतरी, जुनं लुगडं किंवा सोलापुरी चादर. त्यावर गोधडी. सर्वांत वर घोंगडी.

घोंगडी सर्वांत वर का, असं विचारतात. एक तर दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, अंगाला टोचते. त्यात चिंचोक्याची खळ दिल्यामुळे ती कडकही असते. पण तोच कडकपणा वारा अडवतो. दुसरं म्हणजे दंव. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. सुती कापड ओलं झालं की ऊब सोडतं. म्हणून गोधडीला वरून घोंगडीची राखण हवी आणि दिवसा दोघींनाही ऊन हवं. दोन दिवस उन्हात न टाकलेली गोधडी दबते, जड होते, गार लागते. अंगणात दोरीवर वाकळा वाळत घातलेल्या दिसल्या की काही पाहुणे फोटो काढतात. तो त्या घराच्या ऊब राखण्याच्या कामाचा भाग आहे, हे त्यांना सांगावंसं वाटतं.

आता जाड मिंक ब्लँकेटबद्दल. ते सगळं पॉलिएस्टर. रात्री दहाला पांघरलं की छान वाटतं, बाराच्या सुमाराला घाम येतो, माणूस ते लाथेने दूर सारतो आणि चारला ओल्या अंगाने गारठून उठतो. एकच जाड पांघरूण असलं की दोनच पर्याय राहतात, आत किंवा बाहेर. चार पातळ असली तर एक काढता येतं, एक परत ओढता येतं. म्हाताऱ्या माणसांच्या छातीवर एवढं ओझं घालणं मला पटत नाही आणि तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ तर ते येऊच देऊ नये. बाळाला अंगातच पदर चढवावेत.

पदरांची ही अक्कल फार जुनी आहे. गावाच्या वर डोंगरात लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. लोक चैत्यगृहाच्या छतातल्या लाकडी फासळ्या बघतात, सूर्य आणि इंद्राची शिल्पं बघतात. मी माझ्या पाहुण्यांना विहारातल्या खोल्यांमधले दगडी ओटे बघायला सांगते. भिक्षू त्यांवर झोपत. त्या दगडावर हात ठेवला की अंगाखाली काहीतरी हवंच, हे वेगळं सांगावं लागत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक गोष्ट आहे. माघ-फाल्गुनाच्या सांध्यावर, हिम पडण्याच्या दिवसांत, भगवान बुद्ध वैशालीला गोतमक चैत्यापाशी रात्री उघड्यावर एकच चीवर पांघरून बसले. पहिला प्रहर सरता सरता थंडी लागली, दुसरं घेतलं. मधला सरला, तिसरं घेतलं. पहाटे चौथं. त्यावरून त्यांनी नियम घालून दिला तीन चीवरांचा, त्यातली संघाटी, म्हणजे सर्वांत वरचं चीवर, दुपदरी. म्हणजे पदर चारच झाले. पुढे असंही आहे की कापड जुनं, विरलेलं असेल तर संघाटी चौपदरी करावी. विरलेल्या कापडाचे पदर वाढवायचे, ही आमची गोधडी झाली! लोकरीच्या अंथरुणाबद्दलही त्यांचा नियम आहे: एकदा केलं की सहा वर्षं तरी वापरायचं. मला हा नियम सगळ्या हॉटेलवाल्यांना वाचून दाखवावासा वाटतो.

पवनेच्या काठाला आता तंबूच तंबू झाले आहेत. बहुतेक ठिकाणी खाली पातळ फोमचा तुकडा आणि वर भारी ब्लँकेट, कारण ब्लँकेट फोटोत दिसतं. हे उलटं करा. फोमच्या खाली पेंढा घाला, वर वाकळ घाला, पांघरूण हलकं दिलं तरी चालेल. पाहुण्यांनीही विचारताना आधी अंथरुणाचं विचारावं. आणि शेगडी किंवा कोळशाची घमेली तंबूत, बंद खोलीत कुणीही घेऊ नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेल्याला तो उठवत नाही. कानटोपी, कोरडे मोजे आणि गरम पाण्याची पिशवी यांनी ते काम सुरक्षित होतं.

ज्यांना गोधडी विकत हवी आहे त्यांनी भाव करताना एवढं लक्षात घ्यावं की चार-पाच जुन्या साड्यांचे थर एका मापाचे करून, कडेपासून मध्यापर्यंत हाताने धावदोरा घालत जायला बायकांना कित्येक दुपारी लागतात. मिंकच्या किमतीशी तिची तुलना करू नका. आणि मागणी मार्गशीर्षात घेऊन येऊ नका. शिवणकाम भातलावणीच्या आधी, उन्हाळ्यात होतं. साड्या चैत्रात आणून दिल्यात, तर दिवाळीपर्यंत गोधडी तुमच्या घरी असेल.