हिरव्या दराने धूर कमी होतो काय?



शहरातल्या वीजग्राहकाला आता पुण्यही युनिटच्या हिशेबाने विकत मिळू लागले आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्च 2021 मध्ये आदेश काढला. ज्याला आपली सगळी वीज सूर्यवाऱ्याची हवी, त्याने नेहमीच्या दरावर युनिटमागे 66 पैसे जादा भरावेत आणि कंपनीने त्याला तसा दाखला द्यावा. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घराला त्या हिशेबाने वर्षाचे 792 रुपये पडले. आकडा पुढेमागे होईल, तत्त्व तेच राहील.

पैसे भरणाऱ्याच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. नातवंडांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून कोणी पदरचे पैसे काढत असेल तर त्याला हसू नये. पण त्या पैशाने कोळशाचा धूर किती कमी झाला, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे, आणि आपल्यालाही.

तारेतून हिरवी वीज वेगळी आणि काळी वेगळी वाहत नाही. जिनिंगमध्ये सगळ्यांच्या कापसाची एकच गंजी लागते. त्या गंजीतला अमुक कापूस माझा, असे पावतीवर लिहून घेतले म्हणून गंजीत एक बोंड वाढत नाही. पेरा वाढला तरच कापूस वाढतो. विजेचेही तसेच. नवे सौर केंद्र उभे राहिले तरच कोळसा हटतो. दाखल्याने हटत नाही.

मग या दरामुळे पेरा वाढतो काय? कायद्याने प्रत्येक वितरण कंपनीला एकूण विजेतला ठरावीक हिस्सा अपारंपरिक स्रोतांतून घ्यावाच लागतो. कोणी जादा दर भरो वा न भरो. केंद्राच्या 2022 च्या नियमांप्रमाणे ग्राहकाने स्वतःच्या बंधनापेक्षा जास्त घेतलेली हरित वीज कंपनीच्याच बंधनात मोजली जाते. घरगुती ग्राहकावर तर असे बंधनच नाही. म्हणजे त्याने जादा पैसे मोजून घेतलेले युनिट कंपनी आपल्या सक्तीच्या खात्यात जमा करणार! एकच बैल सकाळी एका गिऱ्हाइकाला आणि दुपारी दुसऱ्याला विकला, तर बाजारात त्या व्यापाऱ्याला काय म्हणतात, ते येथे लिहायला नको.

कोणी म्हणेल, मागणी दिसली की कंपनी आपण होऊन जास्त सौर वीज घेईल. घेईल तर आनंदच आहे. पण मग बंधनाच्या वर किती घेतली, तो आकडा छापावा. आणि जादा पैसे कशाचे, तेही सांगावे. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा भाव युनिटला 1 रुपया 99 पैसे निघाला होता. रात्री सूर्य नसतो, साठवणुकीला खर्च येतो, हे मान्य. पण मग रात्री दहा वाजता शहरातला दिवा हिरव्या दाखल्यावर लागतो, तेव्हा भट्टी मात्र आमच्याकडे पेटलेली असते, हेही मान्य करा. चंद्रपूरचे एकटे औष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचे आहे. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राख शिरली ती शेतांत आणि नाल्यांत. दाखला शहरात, राख आमच्या वावरात!

पेरा वाढतो तो कुठे, हेही सांगतो. 2023 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर केंद्र आणि त्याची वीज दिवसा शेतीच्या वाहिनीला, अशी ही योजना. भाड्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी सालाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी 3 टक्के वाढ ठरली. असे केंद्र खरोखर उभे राहिले तर कोळसाही वाचतो आणि रात्री विंचूकाट्यातून मोटार चालू करायला जाणेही वाचते.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव करू. एक, हिरव्या दरात जमा झालेल्या पैशाचा वेगळा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. दोन, त्या दराने विकलेले युनिट कंपनीच्या सक्तीच्या हिश्शात धरू नये. तीन, हा पैसा नव्या केंद्रांना आणि शेताच्या दिवसाच्या विजेला लावावा.

हे झाले तर शहरातल्या भावाने खुशाल जादा पैसे भरावेत. आम्ही त्याला रामराम करू. तोवर त्या दाखल्याची किंमत कागदाइतकीच!