करिअर नंतर, आधी कॅरिअर!

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा वैभववाडीच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "मग, करिअर कशात करणार?" याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण दुसऱ्या कॅरिअरविषयी, म्हणजे मोटरसायकलच्या मागे सामान बांधायला लावतात त्याविषयी, माझं मत आता पक्कं झालंय. ते मत बनायला एक गुडघा, एक जीन्स आणि सात नारळ खर्ची पडले. म्हणून वाटलं, तुम्हाला फुकटात सांगावं.

माझ्याकडे सेकंडहँड एक्सपल्स २०० आहे. डांबरी रस्ता आणि मातीची वाट, दोन्हीकडे चालावी म्हणून बनवलेली, म्हणजे ड्युअल-स्पोर्ट. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. सीटच्या मागे कंपनीचीच एक छोटी लगेज प्लेट येते. पण आमच्या घरून निघताना सामान छोटं कधीच नसतं. तांदूळ, नारळ, कोकम आणि "रूममेटला दे हो" म्हणून दिलेली आणखी एक पिशवी. ती प्लेट मला अपुरी वाटली. मग मी वहीवर ऐसपैस डिझाइन काढलं आणि आमच्याकडच्या वेल्डिंगवाल्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मागे एवढां लांब घेव नको रे. घाटात पुढचां चाक हलकां होतलां."

मी मनात हसलो. आपण मेकॅनिकलचे, यांना काय कळतंय! हट्टाने तसंच करून घेतलं. रॅक बसेना म्हणून मागे बसणाऱ्याने धरायचं हँडलही काढून टाकलं. फोटो मात्र झकास आले.

दिवाळी २०२४. करूळ घाट त्या वर्षी जानेवारीपासून काँक्रीटच्या कामासाठी बंद होता, त्यामुळे कोल्हापूरकडे जायचं तर आम्ही भुईबावडा घाटाने जायचो. रॅकवर साधारण वीस किलो. एका चढाच्या वळणावर बारीक खडी पसरली होती. हँडल वळवलं, पण गाडी वळलीच नाही! पुढचं चाक सरकलं आणि मी आडवा. वेग रिक्षापेक्षाही कमी होता म्हणून गुडघ्यावर निभावलं. नारळ मात्र घाट उतरून परत घरी निघाले. गाडी उभी केली तर रॅकच्या वेल्डिंगजवळ केसासारखी बारीक चीर.

त्या रात्री हॉस्टेलवर झोप येईना, तेव्हा गणित मांडलं. पहिल्या वर्षीच्या मेकॅनिक्सचंच आहे, घाबरू नका. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १४१० मिमी. माझ्या ओझ्याचा मध्य मागच्या ॲक्सलच्याही मागे अंदाजे ५०० मिमी. म्हणजे २० गुणिले ५००, भागिले १४१० : पुढच्या चाकावरचं वजन ७ किलोने कमी झालं आणि मागच्या चाकावर २० नाही, तर २७ किलो आले! त्यात चढ लागला की वजन आणखी मागे सरकतं. थोडक्यात काय, ज्या चाकाने वळायचं त्याचीच पकड मी काढून घेतली होती.

चीर का गेली तेही कळलं. रॅक नुसता सीटमागच्या बोल्टांवर लोंबकळत होता. मागच्या बोल्टांपासून ओझं ३० सेंमी लांब आणि बोल्टांच्या दोन ओळींमध्ये अंतर ८ सेंमी. मग पुढच्या ओळीला वर खेचणारा जोर २० गुणिले ३०, भागिले ८, म्हणजे ७५ किलो. तोही गाडी उभी असताना! खड्ड्यात आदळल्यावर तो काही पट होतो आणि आपल्या रस्त्यांवर खड्डे मोजायला बसलो तर परीक्षा बुडेल. असा ताण हजारो वेळा येत-जात राहिला की धातू थकतो आणि जोडाशीच तडकतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'कॅन्टिलिव्हर' आणि 'फटीग' हे शब्द लगेच आठवतात. मेस्त्रींनी नंतर तेच एका वाक्यात सांगितलं, "तू गाडयेक पहार लावलंस." पहारीने दगड उचलतात, मी पुढचं चाक उचलत होतो.

दुसरा रॅक आम्ही दोघांनी मिळून केला. आखूड केला आणि जमेल तितका पुढे घेतला. ओझ्याचा मध्य आता ॲक्सलच्या मागे १५० मिमीवर येतो, म्हणजे पुढच्या चाकाचं नुकसान सातवरून दोन किलोवर आलं. दोन्ही बाजूंनी फूटरेस्टच्या ब्रॅकेटपर्यंत तिरके आधार दिले. त्रिकोण झाला की लोंबकळणं संपतं. वेल्डिंग रॅक गाडीवरून काढून केलं. गाडीवर असताना वेल्डिंग करायचं नाही, इंजेक्शनच्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स त्यात जळू शकतं. बोल्ट एम-८, खाली जाड वॉशर, वर नायलॉक नट. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासले. दोन सैल निघाले! रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, कारण आमच्याकडच्या पावसात उघडं लोखंड गणपतीला रंगवलं तर दिवाळीला गंजतं. आणि तांदूळ आता रॅकवर नसतोच. तो सीटच्या दोन्ही बाजूंना खोगीरासारख्या पिशव्यांत, खाली आणि ॲक्सलच्या पुढे. रॅकवर फक्त कपडे आणि आईची ती "आणखी एक पिशवी".

आणि हँडल परत बसवलं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिला रॅक लावल्यावर मी आईला मागे बसवून बाजारात घेऊन गेलो होतो. स्पीडब्रेकर आला, आईचा हात सवयीने हँडल शोधायला मागे गेला आणि नुसतीच सपाट पट्टी चाचपत राहिला. ती काही बोलली नाही, माझा खांदा धरला. तेव्हा मला ते कळलंसुद्धा नाही, घाटात पडल्यावर आठवलं. त्या दिवशी वळणावर मागे नारळांऐवजी आई असती तर?

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे हँडल म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ म्हणतो, मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची पक्की सोय आणि फूटरेस्ट हवेच, शिवाय मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं. २०२० मध्ये त्यात सामानाच्या डब्याची मापंही आली : लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिमीपेक्षा जास्त नको. डबा मागच्या माणसाच्या जागेवर ठेवला तर गाडीवर एकट्यानेच बसायचं. त्याच्याही मागे ठेवला तर एकूण वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवं. आपल्या पार्किंगमध्ये उभे असलेले किती रॅक या परीक्षेत पास होतील? एटीकेटीवाल्यांचीच संख्या जास्त निघेल!

आता माझं मत. रॅक ही ॲक्सेसरी नाही, तो गाडीचाच अवयव आहे. "किती किलो मावतं?" हा दुकानदाराचा प्रश्न आहे. "ते किलो कुठे बसतात?" हा आपला प्रश्न. आणि तो विचारायला आपण कुठे शिकतो? पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी लोखंडाचा तुकडा घासला. काटकोन आला, सही मिळाली, तुकडा भंगारात. त्यावर कधी कुणी एक किलोसुद्धा ठेवलं नाही. माझी सरांना नम्र विनंती आहे की, एका बॅचला तरी त्याऐवजी रॅक करू द्या. गणित करा, जोडा, वीस किलो बांधून खराब रस्त्याने फिरवून आणा आणि मग चीर शोधा. सापडली तर मार्क कापू नका, उलट जास्त द्या. आणि वायव्हा घ्यायला एखाद्या मेस्त्रींना बोलवा.

मित्रांनो, करिअरचं होईल काहीतरी. आज संध्याकाळी फक्त एवढंच करा : पार्किंगमध्ये जा, आपल्या गाडीचा रॅक धरून जोरात हलवा. कुठे खटखट ऐकू आली तर पान्हा माझ्या रूमवर आहे.