काच फुटात, धोका किलोत

काचेचा भाव स्क्वेअर फुटात ठरतो, पण अंगावर पडते ती किलोत. भिसेगावात काय किंवा कर्जतच्या बाजारपेठेत काय, शटरमागे काचेचं दर्शनी तोंड हवं असलेला दुकानदार काचवाल्याला आधी विचारतो, ‘बारा एमएम टफनचा फुटाला काय भाव?’ मग घासाघीस होऊन सौदा ठरतो. त्या बोलण्यात वजनाचं नावही निघत नाही. हिशोब तसा सोपा आहे. एक चौरस मीटर काच जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. म्हणजे आठ बाय चार फुटांची 12 मिलिमीटरची एक शीट जवळजवळ 90 किलोंची झाली. सिमेंटची 50 किलोंची गोणी निदान खांद्यावर घेता येते. काचेला धरायला नुसती कड असते. म्हणून माझं म्हणणं असं, की काच सुरक्षितपणे बसवण्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहिला पाहिजे आणि तो लिहून घ्यायची जबाबदारी दुकानदाराची आहे. जे बिलात नसतं, ते कामावरही नसतं.

वजनाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे 29 सप्टेंबर 2024 रोजी पुण्याच्या येवलेवाडीत दिसलं. तिथल्या एका काच कारखान्यात गाडीतून काचा उतरवताना त्या अंगावर कोसळून चार कामगारांचा जीव गेला. कारखान्यात ही गत होत असेल, तर उतरत्या रस्त्यावर उभ्या केलेल्या टेम्पोतून तीन-चार माणसं काचा उतरवतात तिथे धोका कमी कसा म्हणायचा? उभ्या रचलेल्या काचा मागे रेललेल्या असतात तोवरच शांत असतात. गाडी कलती असली किंवा सगळे पट्टे एकदम सोडले, तर अख्खी थप्पी पुढे येते, आणि दहा शीटची थप्पी म्हणजे 900 किलो. त्यामुळे गाडी सपाट जागी लावणं, एका वेळी एकच शीट मोकळी करणं आणि थप्पी ज्या बाजूला पडू शकते तिथे कुणालाही उभं न करणं, हे पहिले नियम. त्याहून अवघड नियम असा, की पडणारी काच सावरायला जायचं नाही. माल वाचवायला हात आपसूक पुढे जातो. काच फुटली तर फुटू दे, तू बाजूला हो, हे मालकाने कामाआधी तोंडाने सांगायला हवं.

अवजारांचेही असेच नियम आहेत. काच उचलायचं सक्शन काचेवर धरून त्याचा पंप दाबत गेलं की निर्वात पोकळी तयार होते, आणि दांड्यावरची लाल रेघ पुन्हा दिसू लागली की पकड सुटत चालली आहे असं समजायचं. ओल्या किंवा धुळीच्या काचेवर सक्शनचा भरवसा नसतो. कर्जत-खालापुरात चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने बांधकामाची धूळ, त्यामुळे काच आणि रबर पुसायला कोरडं फडकं सक्शनइतकंच महत्त्वाचं. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, काच थेट लादीवर टेकवायची नाही, खाली रबराचे किंवा लाकडाचे ठोकळे हवेत. तिचं बळ मधल्या पृष्ठभागात असतं, कोपऱ्यात नाही. हातमोजे निसरडे होतात ही कारागिरांची तक्रार सुती मोज्यांबाबत खरी आहे. त्यावर इलाज म्हणजे रबरी पकडीचे, न कापले जाणारे मोजे आणि मनगटपट्टे. उघडे हात हा काही इलाज नव्हे.

‘टफन काच फुटली तरी तिचा चुरा होतो, मग भीती कसली?’ असं कुणी विचारेल. चुरा होतो तो फुटल्यावर. न फुटता अंगावर आली, तर ती 90 किलोंचीच असते. शिवाय लावलेली काच टफनच आहे हे कशावरून? जून 2020मध्ये केरळातल्या पेरुंबवूर इथे बँकेच्या काचेच्या दारावर आपटून एका ग्राहक महिलेचा मृत्यू झाला. फुटलेल्या काचेचे तुकडे तिच्या पोटात घुसले होते. सुरक्षा काचेसाठी आयएस 2553 हे भारतीय मानक आहे. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून कोपऱ्यातला शिक्का बघूनच काच उतरवून घ्यावी. जागेवर कापून बसवली, तर ती टफन नव्हेच.

उरतो खर्चाचा आक्षेप. लहान दुकानदाराचं बजेट तुटपुंजं असतं, हे मान्य. पण सक्शनची जोडी काही एका कामापुरती नसते, आणि जादा माणसाची एका दिवसाची मजुरी फुटलेल्या शीटपेक्षा स्वस्त पडते, कारण त्या शीटच्या जागी नवीच करवून घ्यावी लागते. हे सरकारने पाहावं, असंही म्हटलं जातं. पण बांधकाम कामगारांचा 1996चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता, आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही दहाचाच उंबरठा आहे. काच लावायला येतात तीन-चार जण. ही अट खाली येईल तेव्हा येवो; तोवर त्यांच्या सुरक्षिततेचा निर्णय पैसे देणाऱ्याच्या हाती आहे.

म्हणून पुढच्या वेळी फुटाचा भाव विचाराल, तेव्हा कोटेशनवर चार गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक शीटचं वजन, उचलायला किती माणसं आणि किती सक्शन, काचेवर आयएसआय शिक्का, आणि काम चालू असताना दुकानासमोरची वाट दोरी लावून बंद. हे लिहून द्यायला जो काचवाला तयार नसेल, त्याला काम देऊ नका.