चाई की नायटा?

मार्च २०२२च्या ऑस्करमधली ती थप्पड आठवतेय? विल स्मिथ भडकला तो बायकोच्या, जेडाच्या, भादरलेल्या डोक्यावरच्या जोकमुळे. तिला अ‍ॅलोपेशिया आहे. तुमच्या डोक्यामागचं टक्कल मात्र सर्वांत आधी दिसतं ते पार्लरवालीला! म्हणून कोर्स करतानाच तिला हे ओळखता यायला हवं. रुपयाएवढा गुळगुळीत, गोल चट्टा म्हणजे बहुधा चाई. यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. कंगव्यातून ती पसरत नाही. पण पापुद्रे, तुटके केस, खाज दिसली तर नायट्याचा संशय. तो पसरतो, त्यामुळे तिने कात्री-कंगवा खाली ठेवला तर चिडू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे जा. आणि लसूण चोळणं प्लीज नको, कातडी भाजते! चाईत बऱ्याचदा केस आपोआप परततात. डोक्यातल्या नायट्याला पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या मलमाने भागत नाही.