शिकवणी फुकट कशी?

शिकवणीला फी लागते, हे लातुरात कोणाला सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने गावोगावची मुले या शहरात येतात, आणि आईबाप पोटाला चिमटा काढून ती फी भरतात. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी आपल्या यंत्रांना लाखो पुस्तके वाचायला घातली, तेव्हा बहुतेक लेखकांना ना विचारले, ना दमडी दिली.

शेजारच्या नांदेडचे उदाहरण घ्या. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले. आपल्या १९५७च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०४२ अखेरपर्यंत, त्यांच्या लेखनावरचा हक्क टिकतो. त्यांचा लेख छापायचा तर परवानगी लागते. तोच लेख यंत्राच्या पोटात गेला असेल, तर ते कळायलाही मार्ग नाही. कंपन्या यादी दाखवत नाहीत.

कोणी म्हणेल, झेरॉक्सच्या दुकानात आपण तरी काय करतो? दिल्ली विद्यापीठातल्या अशा झेरॉक्सना उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोकळीकही दिली. मला ती योग्यच वाटते. पण त्या पोराने त्या पानांवर अभ्यास केला, कंपनी नाही काढली!

नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. अमेरिकेत विकतच्या पुस्तकांवर यंत्र शिकवणे एका न्यायाधीशांनी जून २०२५ मध्ये वैध ठरवले, चोरीच्या प्रती साठवणे मात्र नाही. त्यानंतर अँथ्रॉपिक कंपनीने दीड अब्ज डॉलर, म्हणजे पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर, देऊ केले. पण तिथल्या सरकारी दप्तरी नोंदलेल्या पुस्तकांनाच. उदगीरच्या एखाद्या कवीने पदरमोड करून छापलेला संग्रह त्यात कुठून येणार?

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या समितीने सुचवले, की कंपन्यांनी रीतसर मिळालेले साहित्य खुशाल वापरावे, मोबदला एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावा. लेखकाला नकार देता येणार नाही. मोबदला मला पटतो. नकाराचा हक्क काढून घेणे मुळीच पटत नाही. ज्याचे शेत, त्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे.

आणि तो पैसा दिल्लीहून निघाला, तरी नायगाव-निलंग्याच्या लेखकाचा पत्ता कोणाकडे आहे? मराठवाडा साहित्य परिषदेने शाखाशाखांतून यादी आताच करायला घ्यावी: पुस्तक, साल, हक्क कोणाकडे. बंद पडलेल्या प्रकाशनांची पुस्तके आधी.