शकुंतलेचे यवतमाळ स्थानक भंगारात जाऊ देऊ नका!

यवतमाळकर बंधू-भगिनींनो,

वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेज हा आपला हक्क आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब टप्प्याचे लोकार्पण झाले, त्याचा आम्हालाही आनंद आहे. पण नवी गाडी येते म्हणून शकुंतलेचे, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या आपल्या जुन्या नॅरोगेज गाडीचे, स्थानक मातीत घालायचे, हे आम्हाला मान्य नाही.

यवतमाळ–मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग कशासाठी टाकला गेला? कापसासाठी. आपल्या काळ्या मातीतला कापूस जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी होऊन दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाई, तिथून मुख्य लाइनने मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत. वेचणी करणाऱ्या बाया, हमाल, गाडीवान, जिनातले मजूर या सगळ्यांच्या घामावर हा व्यापार उभा राहिला. मार्गाची मालकी मात्र किलिक निक्सनच्या खासगी कंपनीकडे, तीही स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके! या जिल्ह्याच्या कष्टाचा आणि लुटीचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा कोणता?

शकुंतला गरिबाचीही गाडी होती. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. फाटक आले की गाडी थांबायची. गाडीवरचाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पार झाली की उघडायचा आणि पुन्हा चढायचा. छोट्या स्थानकांवर तिकिटेही गार्डच द्यायचा. एवढ्या तुटपुंज्या माणूसबळावर ही गाडी चालली. हे काम केलेली माणसे आता थकली आहेत.

काही जण म्हणतात, “पडक्या स्थानकात जपण्यासारखे काय आहे?” दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या यादीत गेल्या. मग सपाटीवरच्या, शेतकऱ्याचा माल वाहणाऱ्या रेल्वेला वारसा का म्हणायचे नाही? नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय उभे आहे. नागपूरला जमले ते यवतमाळला का जमू नये? मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, पुढे ती विजेवर धावली आणि १९६४ मध्ये बंद पडली. ज्या शहराने तिच्यावर नव्वद वर्षे प्रवास केला, तिथे आज तिच्या खुणा शोधाव्या लागतात. तीच गत आपल्याकडे होऊ द्यायची का?

आमच्या मागण्या :

१. यवतमाळ स्थानकाची इमारत, फलाट, रूळ, सामान व कागदपत्रे यांची पाहणी करून यादी जाहीर करा.

२. ही यादी होईपर्यंत पाडकाम आणि भंगाराचा लिलाव बंद ठेवा.

३. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील शहराच्या विकास आराखड्यात स्थानकाची वारसा वास्तू म्हणून नोंद करा.

४. स्थानकात कापूस आणि रेल्वेचे संग्रहालय उभारा. जुने रेल्वे कर्मचारी, जिन कामगार आणि शेतकरी यांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित करा.

वारशाचे जतन हे राज्यघटनेच्या कलम ५१क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. घरात शकुंतलेचे जुने तिकीट, फोटो, पावती असेल तर जपून ठेवा. नगरपरिषद, जिल्हाधिकारी आणि रेल्वे प्रशासन यांना आजच निवेदन द्या. प्रत्येक गावातून, प्रत्येक वॉर्डातून सह्या गेल्या पाहिजेत!

आपले,
वारसाप्रेमी यवतमाळकर